केसपेपरवर मी लिहिलं होतं, स्टूल नॉर्मल

लंगोट सोडल्याबरोबर मी सिस्टरला खिडकी उघडायला सांगितली. ट्यूबलाइटच्या उजेडावर माझा विश्वास नव्हता. स्वरा टेबलावर पाय झाडत होती. अडीच महिन्यांची, गुटगुटीत. लस द्यायला आणली होती आणि सुई टोचायच्या आधीच तिने शी केली. खिडकीतून ऊन आलं, तरी शीचा रंग तोच राहिला. पांढरट, भिजवलेल्या खडूसारखा.

"अशी कधीपासून होते?" मी विचारलं.

"पहिल्यापासूनच की वो," तिची आजी, कौसाबाई, म्हणाली. "निस्तं दूधच पितंय लेकरू. दुधावर पांढरीच व्हनार."

स्वराची आई वैशाली टेबलाला खेटून उभी होती. तिचं लक्ष माझ्या तोंडाकडे होतं. आयांना डॉक्टरचं तोंड वाचता येतं.

थेरगावातल्या माझ्या दवाखान्याला तीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मला सगळ्यात जास्त फोन बाळांच्या शीवरून आले असतील. हिरवी झाली, फेसाळ झाली, दहा वेळा झाली, चार दिवस झालीच नाही. बहुतेकींना मी "काही होत नाही" म्हणून फोन ठेवते, आणि ते खरंही असतं. पहिले दोन-तीन दिवस शी काळी, डांबरासारखी चिकट. मग हिरवट, मग वरणासारखी पिवळी. हिरवी, तपकिरी, सगळं चालतं. रक्त दिसलं किंवा नंतर पुन्हा काळी झाली तर दाखवायला आणावं. पांढरी मात्र चालत नाही. एक दिवससुद्धा वाट बघायची नाही.

शीला रंग येतो तो पित्तामुळे. पित्त यकृतात तयार होतं आणि बारीक नळीतून आतड्यात उतरतं. मोजक्या काही बाळांची ती नळी बंद होते. मग पित्त आतच तुंबतं आणि यकृताची नासाडी सुरू होते. डोळे पिवळे, लघवी गडद आणि शी पांढरी, एवढंच बाहेरून दिसतं. बाळ दूध पितं, हसतं, वजनही धरतं. त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. पित्ताला नवी वाट करून देणारं ऑपरेशन असतं. ते दोन महिन्यांच्या आत झालं तर आशा बरी असते. पुढे प्रत्येक आठवड्याला ती कमी होत जाते. स्वराचा तो चौऱ्याहत्तरावा दिवस होता.

ड्रॉवरमध्ये माझ्याकडे एक कार्ड होतं. कुठल्याशा कॉन्फरन्सला मिळालेलं. त्यावर बाळांच्या शीचे रंग छापलेले, वर आजारी, खाली निरोगी. मी ते काढून टेबलावर ठेवलं. स्वराचा बाप, कौसाबाईचा मुलगा दत्ता, इतका वेळ दाराशी उभा होता. तो चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला आहे. रंग मारून आलेला पार्ट ठरलेल्या शेडशी जुळतो का, हे तपासायचं त्याचं काम. तो पुढे आला, कार्ड उचललं, खिडकीपाशी नेलं आणि लंगोट त्याच्या शेजारी धरला.

"ही," वरच्या ओळीतल्या दुसऱ्या रंगावर बोट ठेवून तो म्हणाला. "म्हणजे रिजेक्ट का मॅडम?"

मी म्हटलं, "तसं नाही. पण आज, आत्ता रक्त तपासायचं."

रिपोर्ट संध्याकाळी आला. मला भीती होती तसाच. मी पुण्यातल्या सर्जनला फोन लावला.

"किती दिवसांचं बाळ?"

"चौऱ्याहत्तर."

"मॅडम, दीड महिन्याच्या लसीला कुणी पाहिलं होतं?"

"मीच."

"बरं. उद्या पाठवा," एवढंच तो म्हणाला. माझ्यापेक्षा वयाने लहान आहे, म्हणून जास्त बोलला नसावा.

फोन ठेवून मी जुना केसपेपर काढला. वैशालीचं बाळंतपण माहेरी, बीडकडच्या गावात झालं होतं. सव्वा महिना बाळ-बाळंतीण खोलीबाहेर पडलेल्या नव्हत्या. मग थेरगावला आल्या आणि पंचेचाळिसाव्या दिवशी लसीसाठी माझ्याकडे. तेव्हा डोळे जरा पिवळे दिसले होते मला. कौसाबाई म्हणाली होती, "हळद लावून चोळतो वो, म्हून." हळद डोळ्यांत जात नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण अंगावर पिणाऱ्या काही बाळांची कावीळ रेंगाळते आणि आपोआप जाते, तशीच ही असेल असं मी धरून चालले. वजन छान होतं. बाहेर वीसेक बाळं रडत होती. मी विचारलं, "शी नीट होते ना?" वैशाली म्हणाली, "हो, पाच-सहा वेळा." लंगोट उघडून पाहिला तर कोरा, घडीची इस्त्रीसुद्धा मोडलेली नव्हती. मी लिहिलं, स्टूल नॉर्मल. अक्षर माझंच आहे आणि अक्षर चांगलं आहे.

ऑपरेशन एक्याऐंशीव्या दिवशी झालं. त्यानंतर सगळं घर शीची वाट बघत बसलं. पित्त उतरलं तर शीला रंग येणार होता. दत्ता कार्ड मागून घेऊन गेला होता. रोज सकाळी मला त्याचा फोटो यायचा, उन्हात धरलेला लंगोट आणि शेजारी कार्ड. खाली तो लिहायचा, 'आज थोडी फिकट पिवळी वाटते.' एकदा कौसाबाईने स्वतः फोन केला. "पिवळी झाली वो मॅडम. मी येडेश्वरीला नारळ बोलले व्हते." त्या दिवशी मी रस्त्यात पेढे घेतले, घरी कुणाला कारण सांगितलं नाही.

तो रंग बारा दिवस टिकला. मग शी पुन्हा फिकी होत गेली. ताप येऊ लागला, पोट फुगू लागलं. शेवटचा उपाय म्हणजे यकृत बदलणं. आपल्या यकृताचा तुकडा द्यायला दत्ता तयार होता, त्याच्या तपासण्याही सुरू झाल्या. पण इन्फेक्शनने स्वराला तेवढा वेळ दिला नाही. सात महिन्यांची होऊन ती गेली. माझ्या फोनमध्ये शेवटचा फोटो तसाच आहे. तो पुसायचा मला धीर होत नाही.

महिन्याभराने दत्ता कार्ड परत द्यायला आला. एकटाच. मी बस म्हटलं, तो बसला नाही.

"मॅडम, बाहेर भिंतीला पाटी हाय, ती तुमची का?"

ती माझीच. 'बाळाला स्वच्छ करून आत आणावे. आत लंगोट बदलू नये.' टेबल खराब होतं, वास येतो, पुढचा पेशंट खोळंबतो, म्हणून कितीतरी वर्षांपूर्वी मी ती लावून घेतली होती.

"पयल्या खेपेला, दीड महिन्याच्या लसीला, स्वरानं शी केली व्हती," तो म्हणाला. "बाहेर बाकावर. वैशाली म्हणली, तशीच दाखवू. मायनं पाटी वाचायला लावली. डॉक्टरपुढं घाण कशाला न्यायची म्हणली. तिथंच बदललं, घरून आणलेला धुतलेला बांधला." तो थांबला. "मळलेला मायच्या पिशवीत व्हता. तुमच्या टेबलापाशीच ठेवली व्हती की पिशवी."

मला त्याची माफी मागायची होती, ती तोंडातून निघाली नाही. त्याने कार्ड टेबलावर ठेवलं, कड सरळ केली आणि गेला. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती पाटी मी त्याच दिवशी उतरवली. आता तिथे ते कार्ड लावलंय, आणि खाली लिहिलंय, 'मळलेला लंगोट टाकू नका. आत घेऊन या.' 'शी नीट होते का' असं मी आता विचारत नाही. रंग विचारते, आणि सांगितलेल्या रंगावर न थांबता उघडून बघते. आणलेली पिशवीसुद्धा बघते. दवाखान्यात वास येतो अशी तक्रार सोसायटीतल्या दोघींनी केली. येतो. तो पंचेचाळिसाव्या दिवशी यायला हवा होता.