दोन्या मार्ताने खाल्लेले रोट

खरं सांगायचं तर देवाधर्माचे अनुभव लिहिणाऱ्यांकडे मी पूर्वी जरा हसूनच बघायचो. मी शेतकीचा पदवीधर. केळीच्या पानावर डाग दिसला की बुरशी शोधायची, नवस बोलायचा नाही, असा माझा खाक्या. शिवाय स्वभावाने हेकट, आणि तो हेका मी आबांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून, जसाच्या तसा उचललेला. तेव्हा आता जे सांगणार आहे त्यात चमत्कार होता का, हे मला विचारू नका. घडलं तसं सांगतो.

आमचं गाव चोपड्याजवळ, तापीच्या काठचं. घरची केळी आहे, तीन पिढ्यांची. पदवीनंतर मला दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात केळीच्या रोगांवर शिकायची संधी आली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, शिष्यवृत्तीसह, आणि सगळं शिकवणं स्पॅनिशमध्ये. मी हरखून गेलो आणि आबा भडकले. ओट्यावर उभे राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात, आमच्या अहिराणीत, म्हणाले, "केळी शिकाले तू तठे जास? मंग आठे तुना बाप काय भेंडी लायस का?" लोक हसले आणि मला ते फार झोंबलं. शब्दाला शब्द वाढत गेला. निघायच्या दिवशी मी पाया पडायला वाकलो तर आबांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, "जाय. पन कानबाईले तुना नावन्या मुठी मी धरनार नही."

हे बोलणं किती कडू होतं ते आमच्या खानदेशाबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ-डोळे लावून, केळीच्या खांबांखाली तिची स्थापना करतात. तिच्या प्रसादाचे गहू घरातला वडीलधारा माणूस मुठीने मोजतो. आमच्या घरात माणशी पाच मुठी. पाळण्यातल्या पोराच्याही धरतात, मुंबईला नोकरीला गेलेल्याच्याही धरतात. त्या पिठाचे जे रोट, म्हणजे जाड पोळ्या, होतात ते खायचे फक्त घरच्यांनी आणि भाऊबंदांनी. परक्याला घास द्यायचा नाही, सासरी गेलेल्या बहिणीलासुद्धा नाही. आणि पौर्णिमेच्या आत बठ्ठे, म्हणजे सगळे, संपवायचे, एक तुकडा टाकायचा नाही. ज्याच्या नावाच्या मुठी नाहीत तो त्या घरचा नाही, इतकं ते सरळ होतं. मी मानत नव्हतो म्हणायचो, पण विमानात बसल्यावर डोक्यात तेवढंच एक वाक्य फिरत राहिलं.

तिकडचं शहर समुद्राजवळचं. चोहीकडे केळीच केळी, आपल्या सावदा-रावेरला लाजवेल इतकी. मी एका म्हातारीच्या घरी मागची खोली भाड्याने घेतली होती. तिचं नाव मार्ता. तिकडे वयस्क बाईला नावाआधी 'दोन्या' म्हणतात, आपण अक्का म्हणतो तसंच. दोन्या मार्ता सत्तरीची, विधवा, ठेंगणी, तोंडाची टकळी अखंड चालू. मुलगा कामासाठी स्पेनला गेला तो वर्षानुवर्षं फिरकलाच नव्हता. पहाटे तिच्या कॉफीचा वास माझ्या खोलीत यायचा, मग रेडिओ लागायचा, मग ती अंगणातल्या पोपटाशी भांडायची. आज इतक्या वर्षांनीही कुठे कॉफी उकळली की मला आधी तो पोपट आठवतो. तिने मला स्पॅनिश शिकवलं ते कच्ची केळी सोलता सोलता. काचऱ्या तळायच्या, चेपायच्या, पुन्हा तळायच्या, आणि माझा उच्चार चुकला की झाऱ्यानेच हवेत फटका मारायची. तिच्या घराचा एकच नियम होता. जेवताना दार लावायचं नाही. येईल त्याने बसावं आणि खावं.

चार महिने झाले. मायचा फोन आठवड्याला यायचा. मागे आबांच्या खोकल्याचा आवाज यायचा, पण फोन ते हातात घेत नव्हते आणि मीही 'आबांना दे' म्हणत नव्हतो. मायला दोघांनी मिळून असं पिळून काढलं. श्रावण लागला. मायने सांगितलं, रविवारी कानबाई आहे. माझ्या मुठींचं विचारावं असं ओठांवर आलं होतं, पण विचारलं नाही. 'नाही धरल्या' असं ऐकायची भीती वाटली, दुसरं काय.

मग माझ्यातला हेका उफाळला. आबा धरत नाहीत ना? ठीक आहे, माझ्या मी धरतो! त्या रविवारी बाजारातून नारळ आणला, कॉलेजच्या मळ्यातून खांबांसाठी केळीची दोन पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटलेली रोपं, आणली. खडा गहू मिळाला नाही म्हणून दुकानातलं पीठच पाच मुठी मोजलं, दोन्याच्या डब्यातला गूळ घातला आणि पाच जाड रोट भाजले. आपल्या मुठी आपण धरायच्या नसतात, त्या दुसऱ्याने आपल्यासाठी धरायच्या असतात, हे मला ठाऊक का नव्हतं? होतं. पण रागात माणूस देवीपुढेसुद्धा ताठ बसतो. मी खोलीचं दार लावून घेतलं आणि पहिला रोट खायला घेतला. पाण्याच्या घोटांबरोबर तो संपवला.

तेवढ्यात दोन्या आली. हातात तळलेल्या केळ्यांची ताटली. तिने दार ढकललं, नारळाचा मुखवटा बघून हात जोडल्यासारखं केलं, आणि रोट बघून सहज हात पुढे केला, घरच्या माणसाने करावा तसा. मी ताट मागे ओढलं. "नाही, हे तुमच्यासाठी नाही," म्हणालो. तिला वाटलं चेष्टाच करतोय. ती हसत पुढे आली, तसा मी उठून दार लावलं. ज्या माउलीने मला जेवताना दार उघडं ठेवायला शिकवलं तिच्याच तोंडावर मी दार लावलं. बाहेर ती थोडा वेळ उभी होती. मग तिच्या सपाता वाजत गेल्या. हे लिहितानाही मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी मला ताप भरला. असा की उठून पाणी घ्यायचं त्राण नाही. तीन दिवस मी कुठे होतो ते मला धड आठवत नाही. आठवतो तो कपाळावरचा ओला फडका, आणि लिंबू-गुळाचं गरम पाणी चमच्याने पाजणारा एक सुरकुतलेला हात. डॉक्टरला तीच घेऊन आली. रात्रंदिवस खुर्ची टाकून बसली, आणि रविवारचं एका शब्दाने काढलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ताप उतरला. भान आलं तसे मला रोट आठवले. चार उरले होते. ताटाकडे बघतो तर ताट धुऊन पालथं घातलेलं. दोन्याला विचारलं. ती अगदी साधेपणाने म्हणाली, "मीच खाल्ले. दगडासारखे झाले होते, कॉफीत बुडवून खाल्ले." मग थोडी ओशाळली. तिच्या घरी पाव खाली पडला तर उचलून ओठांना लावतात, टाकत कधीच नाहीत. पाव देवाचा असतो. "तू जपून ठेवले होतेस, म्हणजे देवाचेच असणार. तुला खाववत नव्हते, म्हणून मी तुझ्यासाठी खाल्ले, लेकरा. रागावू नकोस."

मी रागावलो नाही, घाबरलो. सगळं शास्त्र गळून पडलं. आमच्या घराण्यात जे कधी झालं नव्हतं ते माझ्या हातून झालं होतं. रोट घराबाहेर गेले होते. आबांनी तोडलेलं मी माझ्या हाताने पुरतं तोडलं, आता त्या घरचा मी उरलो नाही, असंच मला वाटलं. घरी फोन लावला. तिकडे संध्याकाळ झाली होती. मायला सगळं सांगितलं, दार लावलं तेही सांगितलं. "अरे देवा!" ती म्हणाली. मग काहीतरी कुजबुज, आणि चार महिन्यांनी आबांचा आवाज.

"कितला व्हतात?"

"पाच. एक मी खाल्ला, चार तिने."

"टाकना तं नही ना तिनी?"

"नाही आबा. एक तुकडासुद्धा नाही."

आबा खाकरले. "तुना रोट तं आठे मी खादा. पयल्या मुठी तुन्याच धऱ्यात, तुनी मायले इचार. मंग तठला रोट तुना कसा काय? तो तिनाच व्हता. तू एक खादा ना, तो तिना पाव्हनचार समज."

मला हुंदका आवरला नाही. दोन्या धावत आली, तिला वाटलं पुन्हा ताप चढला. आबा म्हणाले, "तिले दे फोन." मी दिला. आणि मग जे झालं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गोड संभाषण. हा माणूस अहिराणीत बोलतोय, ती बाई स्पॅनिशमध्ये, दोघंही मोठमोठ्याने, जणू मोठ्याने बोललं की समजतं! दहा मिनिटं चाललं. शेवटी दोन्याने डोळे पुसत फोन माझ्याकडे दिला आणि आबा म्हणाले, "बठ्ठं समजनं तिले. बाई भली शे."

कानबाईने काय केलं हे मला सांगता यायचं नाही. माझा हेका तिनेच मोडला, की तापाने मोडला, की त्या म्हातारीच्या भोळेपणाने? मी शोधायचं सोडलं. मी कुणाचा आहे हे ठरवायचा खटाटोप मी तिकडे दार लावून करत बसलो होतो, आणि इकडे आबांनी ओट्यावर बसून, कुणाला न सांगता, पहिल्या मुठी माझ्याच धरल्या होत्या. त्या दिवसापासून मी पुष्कळशा गोष्टी देवीवर सोडायला शिकलो. अजून नीट जमत नाही, पण प्रयत्न असतो.

अभ्यास पुरा करून मी परत आलो, आता आबांबरोबर तीच केळी बघतो. आठ वर्षं झाली. दोन्याचा फोन महिन्याकाठी यायचा, आणि आधी आबाच तिच्याशी ओरडून बोलून घ्यायचे. यंदा उन्हाळ्यात तिच्या शेजारणीचा फोन आला. दोन्या मार्ता झोपेतच गेली होती. मी मळ्यातून आलो, आबा ओट्यावर सुपारी कातरत होते. सांगितलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, उठले, न्हाणीत गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. ओल्या अंगानेच बाहेर येऊन मायला म्हणाले, "तीन दिन देवले हात लावजो नको. आपलं मानूस गयं." मायने देवघराचा पडदा ओढला. मी न्हाणीत जाऊन थंड पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतला आणि त्या पाण्याखाली उभा राहून देवीचे आभार मानले, की तिने त्या माउलीचं सुतक पाळायचा हक्क आम्हाला दिला.