नाकाला वारा

कॅन्सरपायी स्वरयंत्र काढलं तेव्हा मी फारशी कुरकूर केली नाही. करणार तरी कशानं? गळ्याला भोक पडलं, श्वास तिथूनच चालू झाला, जीव वाचला. अडलं ते गावच्या डेअरीतलं माझं काम. फॅट किती ते मशीन सांगतं, पण दूध नासलंय का, हे मी कॅनचं झाकण हुंगून सांगायचो. आता हुंगायला जावं तर नाकाला काही म्हणजे काही कळेना. बायको म्हणाली, श्वास गळ्यातनं घेता, तर झाकण गळ्याशी धरा. मी शहाण्यासारखं धरलंही. रांगेतली माणसं हसून हसून बेजार झाली.

मग एका सकाळी तिनं बॅटरी मारून माझ्या नाकात बघितलं आणि मला आरशापुढं उभं केलं. आतली लाली जाऊन सगळं फिकट, निळसर दिसत होतं. आजार वर चढला, असंच आम्हा दोघांना वाटलं. सुप्यावरनं नगरची एसटी धरली, शेजारी बसलो, पण एकमेकांकडे बघायची हिंमत होईना. मला लई भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू.

डॉक्टरीणबाईंनी नाकात दुर्बीण घातली आणि बराच वेळ बघत राहिल्या. बायकोनं माझा हात असा आवळला होता की तिची बांगडी मला रुतत होती.

"काका, हा कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "नाकातून वारा जायचा थांबला की आतलं अस्तर असं बदलतं. वास कळायची जागा वर शाबूत आहे. तिथं वारा पोचत नाही, एवढंच."

मला तिथंच रडू फुटलं. आवाज नव्हता तेच बरं, नाहीतर दवाखाना गोळा झाला असता.

वारा पोचवायची युक्तीही त्यांनी शिकवली. चारचौघांत जांभई दाबतो तसे ओठ मिटायचे, जबडा आणि जीभ खाली ओढायची, की नाकातनं हवा आत येते. मी येताजाता तेच करायचो. पाहुण्यांना वाटायचं, ह्यांना आमचा कंटाळा आला. काहींचा आलाही होता.

उन्हाळ्यातल्या एका सकाळी रांगेत बायकोच आमच्या म्हशीचं दूध घेऊन आली. मी झाकण उचललं, जांभई दाबली आणि भसकन आंबूस वास आला. मी हातानंच खूण केली, परत न्या.

एरवी तिचं दूध परत केलं असतं तर घरात भांडी आदळली असती. तिनं कॅन बाजूला ठेवला, डोळ्यांना पदर लावला आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमचं दूध नासलंय. ह्यांनी वासावरनं वळखलं."