शेठची गोळी

शहापूर-मुरबाडात आरोग्य प्रचारक म्हणून फिरायला लागलं, की किस्से मागे लागतात. कुणी मुद्दाम विचारलं तर एकही आठवत नाही, आणि चहा ओतला की थांबत नाहीत. आता ओतलाच आहे, तर ऐका.

*

कॉलेजात मी शंभर यार्ड धावायची. त्या काळी मुलीनं धावायचं म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप! मुलाखतीत साहेबांनी माझी सर्टिफिकिटं बघून विचारलं, पळणाऱ्या मुलीचं आरोग्य प्रचारात काय काम? मी म्हटलं, "साहेब, तिकडच्या वाड्यांवर तुमचं कुणी पोचत नाही म्हणतात. मी पोचेन." नोकरी लागली. मी हुशार की आगाऊ, हे साहेबांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

*

मुरबाडच्या बाजारात दारूबंदीवर बोलत होते. एक तरणाबांड गडी म्हणाला, दारूनं अंगात बळ येतं, बाईमाणसाला काय कळणार. माझं डोकंच फिरलं. पदर खोचला नि म्हटलं, चल, त्या चिंचेपर्यंत धावू. सगळा बाजार गोळा झाला. मी चिंचेला हात लावून वळले, तेव्हा गडी अर्ध्यावर होता. धापा टाकत म्हणतो कसा, "आज पिलो नव्हतो, म्हनून हारलो!"

म्हटलं, पुढच्या बाजाराला पिऊन ये. आला नाही.

*

दारूवर बोललेलं चालायचं, अफूवर नको. शहापूरजवळच्या एका वाडीत बाया भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, जाताना तान्ह्यांना अफूची बाळगोळी द्यायच्या. पोर दिवसभर झोपून राहायचं. गोळ्या वाटायचा शेताचा मालक, शेठ. पोर रडलं की आई रोपं टाकून पाजायला बांधावर जाते, ते त्याला खपत नव्हतं.

एकदा त्या बायांमधल्या ठमीचा मुलगा किती हलवला तरी जागा होईना. मी त्याला उचललं नि दवाखान्यापर्यंत चिखलातून पळत सुटले. तशी कॉलेजातही कधी धावले नव्हते. पोर वाचलं. मग डॉक्टर ठमीवर ओरडायला लागले, अडाणी बाई म्हणून. मी म्हटलं, "गोळी देणारा अडाणी नाही, डॉक्टर. त्याला ओरडा." ते पुढच्या पेशंटकडं वळले. शेठ त्यांच्याही ओळखीचा होता.

*

शेठनं वर तक्रार केली. साहेब जीपनं आले. म्हणाले, हिवतापावर बोला, देवीच्या लसीवर बोला, अफूचं नाव काढलंत तर बदली करीन.

"करा," मी म्हटलं. "जिथं जाईन तिथं तान्ही पोरं असणारच."

साहेब न जेवताच परत गेले. मी तडक वाडीवर गेले आणि बायांना सांगितलं, मला कदाचित इथून घालवतील, पण ही गोळी पोरांचा जीव घेते, खोटं वाटत असेल तर ठमीला विचारा. बाया चुली पेटवायला उठून गेल्या.

*

दुसऱ्या दिवशी शेतावर गेले तर बांधावरच्या झाडाला झोळ्या टांगलेल्या, आणि झाडून सगळी पोरं भोकाड पसरून रडतायत. शेठ गोळ्यांची डबी घेऊन आला. एकीनंही हात पुढं केला नाही. एक बाई रोपं टाकून पाजायला गेली, मग दुसरी गेली. शेठ तापला, म्हणाला, आवणी काय तुमचा बाप करणार, या कलकलाटानं माझं डोकं फुटायची वेळ आलीय, उद्यापासून दुसऱ्या गावच्या बाया आणतो. सगळ्या थबकल्या. कामच गेलं तर खाणार काय?

मी पुढं होणार, तेवढ्यात ठमी चिखलातून वर आली. झोळीतलं पोर तिनं छातीशी घेतलं. तिनं शेठच्या हातातली डबी घेतली, उघडली आणि एक गोळी काढून त्याच्यापुढं धरली.

"डोकं दुकतंय ना, शेठ? घ्या. तुमी झोपा, आवनी आमी करतो."