कोशाच्या गोष्टी सांगणारे सर

नगरच्या एका दवाखान्यात ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकावर ते माझ्याजवळ बसले होते. आत त्यांच्या पत्नीचं ऑपरेशन चाललं होतं, पलीकडच्या खोलीत माझ्या वडिलांचं. केडगावचे निवृत्त इंग्रजीचे सर, एवढीच ओळख झाली. नाव मी विचारलं नाही.

ते सारखा चष्मा पुसत होते आणि बोलत होते. विषय एकच, राणी व्हिक्टोरियाच्या काळातला एक इंग्रज पंडित.

"त्याला इंग्रजीचा मोठा शब्दकोश हवा होता. पण जुने शब्द हस्तलिखितांत अडकलेले. मग त्यानं ती जुनी काव्यं छापायला घेतली. साध्यासुध्या लोकांना सांगितलं, वाचा आणि शब्द पाठवा."

दार वाजलं की आम्ही दोघंही ताडकन उठायचो. नर्स न बोलता निघून जायची.

"मग झाला का कोश?" मी विचारलं.

"झाला. पण बघायला तो राहिला नव्हता."

एवढं बोलून त्यांनी थिएटरच्या दाराकडे पाहिलं. चष्मा हातातच राहिला. मी उगाच विचारलं असं मला झालं.

बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले. "सर, काकू ठीक आहेत."

 सरांनी हात जोडले. मग मुलीला फोन केला आणि पुन्हा माझ्याजवळ येऊन बसले.

"सर, तुम्ही जा आता," मी म्हणालो.

"तुझे वडील बाहेर येऊ देत. एकट्यानं वाट बघणं लई अवघड."

संध्याकाळी वडिलांना सुखरूप बाहेर आणलं, तेव्हा सरांनी माझा दंड घट्ट धरलेला होता.