पातेल्यात उकळलेलं प्लायवूड

वादळात होडी फुटली, तेव्हा भावोजी म्हणाले, "आता समुद्र पुरे." माझ्या ताईने ते मानलं नाही. नव्या होडीसाठी सागवान परवडणारं नव्हतं, म्हणून आम्ही दोघी प्लायवूडच्या दुकानात गेलो. तिने स्वस्तातल्या प्रतींचे तुकडे मागून आणले आणि पाण्यात कुठला टिकतो ते बघायला चुलीवर पातेल्यात उकळत ठेवले. दुपारपर्यंत बहुतेकांचे पापुद्रे सुटले. एक तुकडा मात्र तसाच राहिला. ताईने तो नखाने उकलून पाहिला, वाकवून पाहिला. कोरडं असताना सगळंच भक्कम दिसतं, माणसंसुद्धा, असं तेव्हा माझ्या मनात आलं.

भावोजी दारातून बघत होते. "याची होडी टिकेल?"

"टिकवू," ताई म्हणाली.

ते आत आले, गरम तुकडा हातात घेऊन बराच वेळ चाचपत राहिले.

"सांध्यांना राळ मात्र चांगल्यातली घेऊ," ते म्हणाले.