कुकरमधले चिमटे

कासा बाजारातल्या पार्लरमध्ये मी भुवया करायला गेले होते. आत कुकरची शिट्टी झाली. मला वाटलं, डाळ शिजतेय. मी भोचक, वाकून पाहिलं, तर पार्लरवाल्या ताई कुकरमधून नेलकटर आणि चिमटे काढत होत्या. म्हणाल्या, "एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला नको."

माझ्याआधी एक नवरी होती. तिच्या अंगठ्याचं नख पिवळं पडून एका कडेने सुटलं होतं. ताईंनी तो अंगठा खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ न्याहाळला आणि लाल नेलपॉलिशची बाटली बंद केली.

"आधी दवाखान्यात दाखव."

"ताई, उद्या हळद आहे! रंग लावला की दिसणार नाय."

"दिसणार नाय, म्हणूनच लावत नाय."

नवरी फणकाऱ्याने निघून गेली. मग ताई माझ्या भुवयांसाठी दोरा ताणू लागल्या, तेव्हा मी त्यांचे हात जवळून पाहिले. नखं नऊच होती.