लोणच्यातलं पोवळं

आईची पोवळ्याची अंगठी हरवली तेव्हा आम्ही सगळं घर पालथं घातलं. त्र्यंबकेश्वरच्या गुरुजींनी मंगळासाठी सांगितलेली ती अंगठी तिनं कधीच बोटातून काढली नव्हती. गाद्या झटकल्या, बेसिनचा पाइप खोलला. शेवटी आईनंच तो विषय सोडून दिला.

सापडली ती दिवाळीत, ताई घरी आली होती तेव्हा. माझी ही थोरली बहीण लक्षद्वीपला प्रवाळांवर संशोधन करते. प्रवाळ म्हणजे समुद्रातले बारके जीव. पाण्यातला चुना घेऊन ते स्वतःभोवती घर बांधतात आणि अशी घरांवर घरं चढून समुद्रात भिंती, बेटं उभी राहतात. आईला यातलं एवढंच कळायचं, की मुलगी लांब राहते आणि उन्हानं काळवंडते.

जेवताना ताईनं लिंबाच्या लोणच्याची बरणी तळापासून ढवळली आणि चमच्यात अंगठी आली. लोणचं कालवताना आईच्या बोटातून निसटली असणार. सोनं तसंच होतं. मधलं लालबुंद पोवळं मात्र झिजून हरभऱ्याच्या डाळीएवढं उरलं होतं, फिकट आणि खरबरीत. मी नखानं खरवडलं तर भुकटी निघाली.

आई हादरलीच. सोनारानं खोटा खडा दिला असणार, असं ती पुटपुटली. ताईनं अंगठी धुतली आणि उजेडात धरून पाहिली.

"खोटा नव्हता गं आई. खरा होता म्हणूनच विरघळला. आंबटानं चुना खाल्ला."

मग ती सांगत गेली. पोवळं आणि तिचे प्रवाळ सख्खे नव्हेत, चुलत. पण दोघांचा सांगाडा चुन्याचाच. गाड्यांचा, कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड हवेतून समुद्रात मुरतो आणि पाण्याचा गुण हळूहळू आंबटाकडं झुकतो. समुद्र लिंबासारखा आंबट झालेला नाही, होणारही नाही. पण थोड्या बदलानंही प्रवाळांना चुना जमवणं जड जातं, घर कच्चं राहतं. त्यात पाणी तापलं की ते पांढरे पडतात, बरेचसे मरतात.

"मागे मी आधाराला प्रवाळाच्या एका फांदीवर हात टेकला," ताई म्हणाली, "तर ती खडूसारखी मोडली. नवी होते तेव्हा असल्याच फांदीनं माझा तळवा फाटला होता."

आईनं विचारलं, मग त्या बेटावरच्या माणसांचं काय? लाटा अडवते ती हीच भिंत, एवढंच ताई बोलली.

"आणि तू तिथं काय करतेस?"

"मोजते."

आई ताट तसंच सारून उठली.

पुढच्या पावसाळ्यात मी पंचवटीत भाजी घेत असताना ताईचा फोन आला. वादळात प्रवाळांच्या भिंतीचा मोठा तुकडा कोसळला होता, वर्षानुवर्षं ती ज्याचं माप घेत होती तोच. माणसं सुखरूप होती, पण घरांत पाणी शिरलं होतं. ती रडत नव्हती. तिचा आवाज इतका सपाट मी कधी ऐकला नव्हता. भाजीवाली मेथी पुढं करून दोनदा काहीतरी म्हणाली. मला ते कळलंच नाही.